तिसऱ्या संध्याकाळचा पंचम

गणपती जातात, आरत्यांनी बसलेले घसे सुटतात, आणि मग एका सकाळी दार उघडावं तर कुंपणाच्या गडग्यावर कावळे बसलेले असतात. एरवीही असतात, नाही असं नाही. पण पितृपक्षातला कावळा निराळा. तो सरळ आपल्या डोळ्यांत बघतो आणि मान वाकडी करून थांबतो. आपण काहीतरी सांगायचं ठेवलंय आणि ते त्याला ठाऊक आहे, असं आपलं मला वाटतं. सूनबाई म्हणते, बाबा, तुम्ही कावळ्यांशी भांडता कशाला. भांडत नाही गं बाई, नजर चुकवतो.

हे पंधरा दिवस आमच्या रत्नागिरीत असे काही येतात की घरातलं माणूस घरात असून हळू बोलायला लागतं. हळवं भात पिवळं पडलेलं असतं. कातळावरचा तेरडा सुकून काळा होतो. दुपारी ऊन भाजून काढतं, वारा म्हणून नसतो, माडाचं एक झावळं हलत नाही, आणि चारच्या सुमाराला कुठूनतरी हस्ताचा पाऊस गडगडत येतो. तासभर कोसळतो आणि एकदम थांबतो. तो थांबल्यानंतरची जी शांतता आहे ना, ती मला सोसत नाही. कौलांवरून थेंब पडत असतात, दिवे लागायची वेळ झालेली असते, भिंतींना ओल सुटलेली असते, आणि सगळं घर कान देऊन बसल्यासारखं वाटतं. माझा एक कान गेलाय. दुसरा गेला तर बरं, असं मी या दिवसांत देवाला सांगतो. तो कशाला ऐकतोय!

माजघरातल्या भिंतीवर, खुंटीला, दादाचा दिलरुबा आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दिलरुब्याला आता तारा नाहीत. मीच काढल्या. नातवंडं विचारतात, आजोबा, हे काय आहे, आणि मी सांगतो, लाकूड आहे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. मी एकवीस वर्षांचा होतो आणि नुकताच शाळेत मास्तर म्हणून चिकटलो होतो. घरात आम्ही चौघं. आई, काका, मी आणि वहिनी. वडील मी लहान असतानाच गेलेले, तेव्हा घराचा कारभार काकांकडे. काका कोर्टात कारकून होते, आणि कोर्ट त्यांच्या अंगातून घरी आल्यावरही निघत नसे. दादा रंगूनला एका लाकडाच्या वखारीत नोकरीला गेलेला. त्याचं शेवटचं पत्र येऊन दोन वर्षं होत आली होती. वहिनी दादाची बायको. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा ती चौदाची आणि मी बाराचा. ती मला भावजी म्हणे, अहोजाहो करी, आणि पाठीत धपाटाही घाली. मी तिला अगंतुगं करीत असे. आमचं सख्ख्या बहीणभावंडांसारखं होतं.

त्या वर्षी वैशाखात मिरजेहून कासमभाई आले. तंतुवाद्यं बनवणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. कुणा कीर्तनकाराने तंबोरे नीट करायला त्यांना बोलावून घेतलं, काम आठ दिवसांचं होतं, पण पाऊस लवकर आला. आगबोटी बंद झाल्या, घाटात दरड कोसळली, आणि भाई अडकले ते अडकलेच. मांडवीला एक वखार होती, उन्हाळ्यात तिथे आंब्याच्या पेट्या भरत. पावसाळ्यात ती रिकामी असे. मालकाने ती भाईंना वापरायला दिली. त्यांनी आढ्याला दोऱ्या बांधून वाद्यं टांगली आणि खाली कोपऱ्यात शेगडी ठेवली. आमच्याकडची ओल बघून ते म्हणत, ह्या गावात माणसं जगतात कशी, इथे भोपळ्यालासुद्धा ताप येतो.

बसून बसून कंटाळले, तेव्हा भाईंनी शनिवारी दुपारी वखारीचं दार सगळ्यांना उघडं ठेवायला सुरुवात केली. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून मी जायचो. आता असल्या प्रकाराला कार्यशाळा म्हणतात. तेव्हा आम्ही नुसतं 'भाईंकडे जातो' म्हणायचो. दहा-पंधरा माणसं घोंगड्यांवर बसायची. भजनी होते, एक निवृत्त फौजदार होता, राजिवड्याचे खलाशी असायचे. भाई एकेक वाद्य उतरवून मांडीवर घेत, त्याचं पोट, मान, कान सगळं दाखवत, मग वाजवत. मी तोपर्यंत तंबोरा आणि पेटी यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. एका हिंगवाल्या काबुल्याने विकलेला रबाब मी तिथे पाहिला. सारंगी पाहिली, तिच्या पोटावरच्या कातड्याला हात लावला तर ते कोमट होतं. मला वाटलं शेगडीमुळे असेल. शेगडीमुळेच असणार.

भाईंची एक पद्धत होती. कुठलंही बंद पडलेलं वाद्य समोर आलं की ते त्याला हात लावत नसत. आधी हाक मारत. म्हणजे वाद्यासमोर बसायचं, तोंड मिटायचं आणि घशातल्या घशात एक सूर धरायचा. धरायचा आणि सोडायचा, आणि मग ऐकत बसायचं. आधी हाक, मग हात, असं ते म्हणत. ओ आली तर वाद्य जिवंत. नाही आली तर ते नुसतं लाकूड.

हे मला थोतांड वाटलं, आणि मास्तरकी नवी असल्यामुळे मी ते बोलूनही दाखवलं. भाई हसले. त्यांनी एक दिलरुबा चटईवर आडवा ठेवला. दिलरुब्याला वर गज फिरवायच्या चार तारा, आणि त्यांच्या खाली बारीक तारांची एक रांग असते. तिला तरफा म्हणतात. तरफांना कुणी हात लावत नाही. प्रत्येक तार एकेका सुराला लावून ठेवायची आणि गप्प बसू द्यायची. भाईंनी कागदाचे चिमुकले चिटोरे दुमडून एकेका तरफेवर घोडेस्वारासारखे बसवले आणि मला म्हणाले, मास्तर, तोंड मिटून सूर धरा, खालून वर जा. मी हूं करत वर चढत गेलो. मध्येच एका तारेवरचा कागद टुणकन उडाला. बाकीचे जागच्या जागी. मी गप्प झालो तरी ती तार बारीक आवाजात वाजतच होती. बाहेर समुद्र नुसता आदळत होता. फौजदार उठून दाराजवळ जाऊन बसला.

आणखी एका शनिवारी राजिवड्याच्या एका तांडेलाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, सिंगापुराहून आणलेलं चिनी वाद्य आणलं. दोनच तारा, पोटाला अजगराचं कातडं, आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधूनच ओवलेले. भाईंनी हाक मारली. ओ नाही. त्याला तरफाच नव्हत्या. भाई म्हणाले, ह्याला कान नाहीत, फक्त तोंड आहे. मग त्यांनी ते वाजवलं आणि ते एखाद्या बाईने रडं दाबावं तसं वाजलं. तांडेल म्हणाला, भाई, हे आता मी घरी नेत नाही.

पण मला अजून स्वप्नात येते ती ब्रह्मी वीणा. ब्रह्मदेशच्या राजाला इथे आणून कैदेत ठेवलं होतं, त्याच्या माणसांपैकी कुणाकडून तरी ती गावातल्या एका घरात आली होती. होडीसारखा आकार, वर वळलेली मान, रेशमाच्या तारा. बहुतेक कुजलेल्या, तीन शिल्लक. भाईंनी पुष्कळ वेळ हाक मारली. सूर बदलून बदलून मारली. शेवटी मान हलवून ते थांबले. आम्ही उठायला लागलो आणि तेवढ्यात त्या तिघींपैकी एक अगदी बारीक आवाजात बोलली. भाईंनी हाक थांबवून बराच वेळ झाला होता. त्यांनी ती फडक्यात गुंडाळली आणि मालकाला परत दिली. दुरुस्त करणार नाही म्हणाले. "हिला आपली बोली कळत नाही. कुणाची तरी वाट बघते आहे. आपण मध्ये पडू नये."

त्याच आठवड्यात मी दादाचा दिलरुबा घेऊन भाईंकडे गेलो. दादा रंगूनला जाताना तारा उतरवून, फडक्यात बांधून, माळ्यावर ठेवून गेला होता. भाईंनी कातडं बदललं, सगळ्या तारा नव्या चढवल्या, तरफा लावल्या, आणि हाक मारली. क्षणभर काही नाही. मग ओ आली, एवढी स्वच्छ की माझ्या अंगावर काटा आला. भाई म्हणाले, जिवंत आहे.

मी हे घरी येऊन सांगितलं. आईने डोळ्यांना पदर लावला आणि दिलरुबा माजघरात देवांच्या शेजारच्या खुंटीला टांगायला लावला. वहिनी परसदारी फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं. अजगराचं कातडं, होडीसारखी वीणा, कागद कसा उडाला ते. ती अजगराला हसली. मग एवढंच विचारलं, कुठल्याही आवाजाला बोलतं का हो ते? मी म्हटलं, नाही, ज्या सुराला लावलंय त्याच सुराला. तिने आठळ्या उचलल्या आणि ती आत गेली.

नारळी पौर्णिमा झाली, आगबोटी सुरू झाल्या, आणि तिसऱ्या की चौथ्या बोटीने रंगूनहून परतलेला एक माणूस काकांना येऊन भेटला. आदल्या वर्षी तिथल्या नदीत एक नाव बुडाली आणि तिच्यात दादा होता, असं त्याने ऐकलं होतं. ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. गणपती गेले आणि त्यांनी आईला सांगितलं की सर्वपित्री अमावास्येला विधी करायचा. ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, तो विधी. आई म्हणाली, बारा वर्षं वाट बघायची असते. काका म्हणाले, ते ज्याची काहीच खबर नाही त्याला. याची खबर आलेली आहे. तो पाण्याविना तिष्ठत असेल.

विधी झाला की पुढे काय, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. गावात सुधारणेच्या सभा होत होत्या, नाही असं नाही, पण आमच्या आळीत त्या सभांचा आवाज येत नसे. माझी आत्या विधवा झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. परसदारी तिला न्हाव्यापुढे बसवलेलं मी केळीआडून पाहिलं होतं. ते केस केळीच्या आळ्यात पडले होते आणि पावसाने वाहून जाईपर्यंत मी त्या बाजूला फिरकलो नव्हतो. वहिनीचे केस गुडघ्यापर्यंत होते. ती तेवीस वर्षांची होती.

काकांनी हे सांगितलं त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी दिलरुबा पहिल्यांदा वाजला. दिवे लावून आम्ही स्तोत्र म्हटलं, हात जोडले, आणि सगळे गप्प झालो असताना भिंतीवरून झण्ण असा एक बारीक आवाज आला, लांबत गेला आणि विरला. आईच्या हातातली पळी पडली. काका उठून भिंतीपाशी गेले, तारा बघितल्या, खिडकी बघितली. वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीचं दळण चालू होतं, जातं थांबलं आणि पुन्हा तोच आवाज. मग रोज. कधी पहाटे, कधी दिवेलागणीला. शेजारी आमच्याकडे यायचे बंद झाले. आई म्हणे, माझा मुलगा आहे, जिवंत आहे, हाक मारतो आहे. काका म्हणत, मुलगा आहे हे खरं, पण जिवंत नाही, म्हणून तर हाक मारतो आहे. देवीला कौल लावला. गुरवाने दगडाला कळ्या लावल्या, तास झाला, दोन झाले, एकही पडली नाही. देवीसुद्धा मध्ये पडायला तयार नव्हती.

मी शिंचा मास्तर. मला चैन पडेना. एका दुपारी सगळी लवंडलेली असताना मी कागदाचे चिटोरे दुमडून सगळ्या तरफांवर बसवले. दिवेलागणीला आवाज आला. मग जाऊन बघितलं तर एकच कागद खाली पडला होता, पंचमाच्या तारेवरचा. दुसऱ्या दिवशी स्तोत्र म्हणताना मी देवाकडे न बघता माणसांकडे कान दिला. काका बेसूर, आई घोगरी. दिव्याशी, बरोबर खुंटीच्या खाली बसलेली वहिनी मात्र शेवटच्या ओळीला आवाज पंचमावर नेऊन ठेवत होती आणि तिथेच मिटत होती. पहाटे जात्यावरही तेच.

मला हायसं वाटलं पाहिजे होतं. उलट तिची कीव आली. बिचारी आपलाच आवाज भिंतीवर टाकते आणि परत येतो तो नवऱ्याचा समजून जगते, असं मला वाटलं. तिला ठाऊक नाही असंच मी धरून चाललो. एकवीस वर्षांच्या मास्तराला दुसऱ्याला काही ठाऊक असेल असं वाटतच नाही. मी कुणाला बोललो नाही.

पण काका कोर्टातले. त्यांना वहिनीचा संशय आलाच. ती तारांना हात लावते असं त्यांना वाटलं. द्वादशीला त्यांनी निकाल दिला. "हिला तीन दिवस मिरजोळ्याला माहेरी पाठवा. साक्षीदार बाजूला काढला की पुरावा उघडा पडतो. ही नसताना वाजलं, तर पोराचा जीव कुठेतरी आहे असं मी मानीन आणि विधीचं नाव काढणार नाही. नाही वाजलं, तर अमावास्येला विधी."

वहिनी खाली मान घालून गेली. मिरजोळ्याला तिची आई एकटीच असे. भाऊ पुण्याला मास्तर होता, सुधारक म्हणून काकांना त्याचं नावही खपत नसे. जाताना तिने खुंटीकडे बघितलंसुद्धा नाही.

मी ठरवलं होतं. पहिल्या संध्याकाळी मीच खुंटीखाली जाऊन बसलो, स्तोत्र संपताना तोंड मिटून पंचम धरला. काही नाही. तार गप्प. आईने माझ्याकडे बघितलं, ते डोळे मला अजून दिसतात. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा धरला. गप्प. मला घाम फुटला. सूर तोच होता, तार तीच होती, आणि वहिनीला रोज ओ देणारी तार मला ओळख देत नव्हती. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला क्षणभर वाटलं की माझाच हिशेब चुकला, वाजवणारी वहिनी नव्हतीच.

चतुर्दशीला दुपारी भर पावसात मी मांडवीला गेलो आणि भाईंना सगळं सांगितलं. भाईंनी शेगडीतले निखारे सारखे केले. मग म्हणाले, हस्ताची ओल आहे, कातडं ढिलं पडलंय, तारांखालची घोडी बसली आहे, म्हणजे सूर उतरला. "वर शोधू नका, खाली शोधा." मी निघालो तेव्हा त्यांनी मला दारात थांबवलं. "मास्तर, तार खोटं बोलत नाही. हाक आली की ओ देते. पण हाक कुणी मारली, हे ती सांगत नाही. तेवढं ध्यानात ठेवा."

मी कसलं ध्यानात ठेवतोय. त्या संध्याकाळी पाऊस थांबला, थेंब टपकत राहिले, काकांनी दिवा लावायला सांगितलं. स्तोत्र संपत आलं तशी मी मान खाली घातली आणि सूर धरला, नेहमीच्या पंचमाच्या किंचित खाली, आणखी किंचित खाली. छातीत काहीतरी थरथरलं आणि मला कळलं की सापडला. सगळे गप्प झाले. मीही झालो. आणि माझ्या डोक्यावर ती तार बोलली. एवढी कधीच बोलली नव्हती. पुष्कळ वेळ बोलत राहिली. काकांनी दोन्ही हात जोडले आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. कोर्टातल्या त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मी कंदील घेतला आणि तसाच मिरजोळ्याला निघालो. पळतच गेलो म्हणा ना. वहिनीच्या माहेरी पोचलो तर पायरीवर पुणेरी जोडा होता. भाऊ आला होता. ओटीवर वहिनीची ट्रंक दोरीने आवळून ठेवलेली. मी धापा टाकत सांगितलं, वाजलं, वहिनी, वाजलं, काकांनी हात जोडले, विधी होत नाही.

मला वाटलं होतं ती हसेल किंवा रडेल. ती ट्रंकेवर बसली. तोंड पांढरं पडलं होतं.

"खरंच वाजलं?"

"खरंच."

"घरात कोण कोण होतं?"

"आई, काका आणि मी. स्तोत्र संपलं, सगळे गप्प झाले आणि मग वाजलं."

तिने हेच मला आणखी दोनदा विचारलं. मग स्वतःशीच म्हणाली, मी तर इथे होते. सूर मी धरला होता, हे तिथे सांगून टाकता आलं असतं, काका काही तिथे नव्हते. पण तिच्या चेहऱ्यावरचं ते मला सुख वाटलं, आणि कुणाच्या ताटातलं सुख कशाला उचला, असा माझा शहाणपणा. थोड्या वेळाने ती भावाला म्हणाली, दोरी सोड. भाऊ एकदम भडकला. वेडी आहेस का, म्हणाला, आणि मला म्हणाला, तुम्ही बाहेर जा. मी बाहेर कंदील धरून उभा राहिलो. आतून त्याचा आवाज येत होता, तिचा नाही. सकाळी ती माझ्याबरोबर चालत घरी आली. तो तिच्याशी न बोलता पुण्याला गेला. मला वाटलं, आमच्या घराने तिची परीक्षा घेतली म्हणून रागावला असेल.

त्या दिवसापासून दिलरुबा पुन्हा कधी वाजला नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, तिचं समाधान झालं. ती दिव्यापाशी बसायची, पण आता दुसऱ्या कोपऱ्यात, आणि स्तोत्र म्हणताना तिचे फक्त ओठ हलायचे. घाट मोकळा झाला तसे भाई दसऱ्याला मिरजेला गेले. दोन वर्षांनी काका गेले, पुढे आई गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली, वहिनीनेच ती वाढवली. बोटीचा भोंगा ऐकू आला की ती हातातलं काम ठेवून ओटीवर येई. मग बोटी बंद झाल्या. तरी त्या वेळेला ती ओटीवर येतच राहिली. दादाला पितृपक्षात पान वाढायचा विषय मी एकदाच काढला होता. ती एवढंच म्हणाली, जिवंत माणसाला पान वाढतात का भावजी.

वहिनी सत्तरीच्या आत-बाहेर असताना, तिच्या शेवटच्या वर्षी, असाच हस्ताचा पाऊस पडून गेला होता. आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो, ती वालाची बिरडी सोलत होती. काही एक कारण नसताना म्हणाली, तेव्हा रोज मीच वाजवत होते हो. पुढे म्हणाली, तुम्हीच नव्हतं का सांगितलं, कागद कसा उडतो ते. तेवढंच मला पुरे झालं, म्हणाली. भावाला पत्र टाकलं होतं, तो चतुर्दशीला यायचा होता, पण त्याला उशीर झाला तर काकांना थोपवायला हवं होतं. तो मला पुण्याला नेऊन शिकवणार होता. नर्स होणार होते मी. तुमच्या दादाची आशा मी केव्हाच सोडली होती. काकांनी माहेरी धाडलं तेव्हा मनात म्हटलं, देवच पावला. अमावास्येच्या पहाटेच्या मोटारीने आम्ही निघणार होतो.

मग तिने सोललेले दाणे हाताने सारखे केले.

"पण त्या तिसऱ्या संध्याकाळी मी नव्हते, भावजी. आणि तरी ते वाजलं. मग कशी जाऊ? तो कुठेतरी होता म्हणूनच वाजलं ना?"

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे त्या बाईची चाळीसच्या वर वर्षं तिच्या ओंजळीतून काढून घ्यायची, आणि बदल्यात द्यायचं काय, तर माझा एक हुंकार. गडग्यावर कावळा बसला होता, तो माझ्याकडे बघत होता.

"वाजलं होतं ना? तुम्ही होतात तिथे."

"वाजलं होतं, वहिनी," मी म्हटलं.

कार्तिकात ती गेली. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, ओटी भरून सवाष्ण म्हणून तिला नेली. आळीतल्या बायका म्हणाल्या, भाग्याची हो. अग्नी मी दिला. घरी येऊन आंघोळ केली आणि पक्कड घेऊन दिलरुब्याच्या सगळ्या तारा कापून काढल्या.

कधी कधी मी स्वतःला समजावून बघतो की मी सूर धरायच्या आधीच ती तार हलली होती. ब्रह्मी वीणा नव्हती का बोलली, भाई थांबल्यावर? म्हातारपणी माणूस काय वाटेल ते समजावू शकतो स्वतःला. पण छातीत थरथरलं होतं ते मला आठवतं.

आता दिवेलागणीला धाकटी नात माझ्याजवळ बसते आणि स्तोत्र म्हणते. गळा गोड आहे, कुणाकडून आला कोण जाणे. शेवटच्या ओळीला तिचा आवाज वर चढतो, पंचमाशी येतो, आणि नेमका तेव्हा मी मोठ्याने खोकतो. ती रागावते, म्हणते, आजोबा, रोज इथेच कसा हो खोकला येतो तुम्हाला. खुंटीवर तारा नाहीत हे मला माहीत आहे. तरी मी खोकतो.